गुडघ्यांची डोण

पाव्हणं, खडकोळीच्या वेशीतली ही गुरांच्या पाण्याची दगडी डोण पाहा. तिचा एक काठ मुद्दाम खाली उतरवलेला आहे, आणि त्याच्यापुढं खडकात दोन खळगे आहेत, पोराच्या गुडघ्यांच्या मापाचे. दोघा पाथरवट भावांची ही करणी, असं सांगतात.

तेव्हा गावची पोरं महाद्वाड. पाण्यावर आलेल्या गुरांना धोंडे मारायची. कितीही कान उपटले तरी पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाटलांनी दवंडी दिली म्हणे, जो पाथरवट आपल्या कामातून पोरांना शहाणं करील, त्याच्या बैलाला पोळ्यात पुढचा मान.

थोरला सटवा मोठा कारागीर. त्यानं वेशीवर जबडा वासलेला वाघ कोरला, पोरांनी भ्यावं म्हणून. पोरं चार दिवस भ्याली, मग वाघाच्याच जबड्यात नेम धरू लागली. धाकटा भाऊ भागा, त्यानं साधी डोण घडवली आणि झऱ्याचं पाणी तिच्यात सोडलं. पोरांना तहान लागली की उतरत्या काठाशी रांगत जावं लागे, आणि समोर वासराचं तोंड येई. ज्याचा श्वास गालाला लागला, त्याला धोंडा मारवेना.

मान भागाला मिळाला आणि सटवाच्या अंगाचा तिळपापड झाला. याला छिन्नी धरायला मी शिकवलं, आणि याचा बैल माझ्यापुढं? त्याला घास गोड लागेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तो घण घेऊन डोण फोडायला निघाला.

उन्हानं घसा सुकला होता. आधी पाणी पिऊ, मग फोडू, म्हणून तो गुडघ्यांवर ओणवा झाला. समोर एक कालवड पीत होती. तिचा एक डोळा फुटलेला. सटवाच्याच लेकाच्या धोंड्यानं तो गेला होता, आणि तेव्हा सटवा हसून म्हणाला होता, "नेम बापाचा घेतलाय." उरलेल्या डोळ्यानं कालवड त्याच्याकडं बघत राहिली, बिचकलीसुद्धा नाही. सटवाला घण उचलवेना.

कुणीतरी सांगितलं म्हणून भागा धावत आला. घण पाहून जागीच थबकला.

सटवा मान वर न करता म्हणाला, "खडक बोचतो गुडघ्याला. पोरं टेकतील कशी? छिन्नी आण."

दिवस मावळायच्या आत त्यानं हे खळगे कोरले. जळफळाट गेला का म्हणाल, तर छे! भागाच्या बैलाकडं तो मरेपर्यंत बघत नसे म्हणे.

आजही पोळ्यात पुढचा मान भागाच्या घरच्या बैलाचा. पण आधी सटवाच्या घरचं एक पोर या खळग्यांत गुडघे टेकतं आणि समोरच्या कालवडीबरोबर पाणी पितं. तिचं पिऊन होईपर्यंत मानाचा बैल थांबून राहतो.