एका फांदीला एक खोपा

एका माळावर जुनी विहीर होती आणि तिच्यावर झुकलेल्या बाभळीवर एक सुगरण राहत असे. मुलांनो, सुगरण पक्षी घरासाठी झाड निवडतात तेच मुळी काटेरी आणि खाली पाणी असलेले, म्हणजे साप-मुंगसांची भीती नको. त्या अख्ख्या माळावर असे झाड हे एकच. पण तिथल्या थव्याचा एक जुना नियम होता : एका फांदीला एकच खोपा. बाभूळ कोवळी असताना एकदा वादळात खोप्यांच्या भाराने फांदी मोडली होती आणि पिले विहिरीत बुडाली होती. तेव्हा केलेला नियम शहाणपणाचाच होता, नाही कोण म्हणतो! पुढे बाभूळ वाढली, फांद्या मांडीएवढ्या जाड झाल्या, तरी नियम होता तसाच राहिला.

या सुगरणीला एक लेक होती, अगदी जीव की प्राण. ती मोठी झाली आणि तिला जोडीदार मिळाला. सुगरणींची रीत अशी, की नराने आधी अर्धा खोपा विणायचा, मग मादीने त्यावर बसून झोके घेऊन पाहायचे आणि पसंत पडला तरच तो पुरा करायचा. फांद्या तर सगळ्या इतरांनी आधीच घेतलेल्या. म्हणून जावयाने सासूच्याच फांदीच्या टोकाला गवताच्या काड्या गुंफल्या. लेकीने झोका घेतला आणि आनंदाने ओरडली, "आई, इथेच! तुझ्या शेजारी!"

झाले, थव्याची सभा बसली. सर्वांत म्हातारा नर मान ताठ करून म्हणाला, "नियम म्हणजे नियम. फांदी मोडली तर पिलं कुणाची जातील?"

"आजोबा, परवा याच फांदीवर वानरांची अख्खी टोळी बसून गेली," जावई म्हणाला. "फांदी कुरकुरलीसुद्धा नाही. आमच्या मूठभर गवतानं ती मोडेल का?"

"वानरं काय, आज आली नि उद्या गेली. खोपा कायमचा असतो," म्हाताऱ्याने सुनावले. सगळ्यांचे डोळे सुगरणीकडे वळले. फांदी तिची होती. 'मला चालेल' एवढे जरी ती म्हणाली असती, तरी निम्मा थवा तिच्या बाजूने उभा राहिला असता. पण लेकीसाठी नियम वाकवला तर चारचौघांत नाव जाईल, ही एक धास्ती. आणि खरे सांगायचे तर, आपल्या फांदीवरची निवांत सावली तिलाही सोडवत नव्हती. ती गप्प राहिली, आणि नवा खोपा काढायचा असे ठरले.

ज्याच्या फांदीवर जास्तीच्या खोप्याची गाठ पडेल त्यानेच ती सोडायची, अशी तिथली शिस्त होती. तेव्हा सुगरणीने स्वतःच्या चोचीने लेकीच्या घराची एकेक काडी उसवली. लेक समोर बसून पाहत होती. तिने आईला अडवले नाही.

दोघांनी मग ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर खोपा विणला. त्या माळावर दुसरीकडे जाणार कुठे? तिथेच अंडी घातली, तिथेच पिले झाली. सुगरण रोज चोचीत काहीबाही घेऊन नातवंडांना भेटायला जाई. एके दुपारी ती नाकतोडा घेऊन गेली, तर लव्हाळा आडवा झालेला आणि खोपा मातीत फाटून पडलेला. आत एकही पिलू नव्हते. मुंगसाच्या पायांचे ठसे ओल्या चिखलात ताजे होते. लेक आणि जावई जवळच एका दगडावर पंख मिटून बसले होते. सुगरणीच्या चोचीतला नाकतोडा गळून पडला आणि ती ऊर फुटेस्तोवर रडली.

ती तशीच परतली आणि तिने सभा बोलावली. "माझी नातवंडं मुंगसानं खाल्ली हे खरं, पण त्याच्या तोंडी दिली आपण," ती म्हणाली. "फांदीला किती भार पेलतो ते फांदीकडे बघून ठरवा. एका जुन्या वादळाकडे बघून किती दिवस ठरवणार?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याच दिवशी नियम बदलला : जाड फांदीला पेलतील तेवढे खोपे.

सुगरण धावत-पळत ओढ्याकाठी गेली. "चला गं, घरी चला! माझ्या शेजारी जागा आहे. आता कुणी काही म्हणणार नाही."

लेकीने तिच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सुगरणीला सोसवेना. "आई, जागा तेव्हाही होती," ती म्हणाली. मग ती दोघे उडाली आणि डोंगरापलीकडे निघून गेली, ती कायमचीच.

पुढच्या हंगामात बाभळीवर खोपेच खोपे लटकले आणि एकही फांदी मोडली नाही. सुगरणीच्या फांदीवर दुसऱ्याच कुणाची तरी पिले चिवचिवू लागली. ती दिवसभर त्यांचा चिवचिवाट ऐकत बसे. तिला बरे वाटे, आणि रडूही येई.

तात्पर्य : ज्या भीतीपोटी नियम केला ती भीती सरली, की नियमही सैल करावा. नाहीतर जागा असूनही आपलीच लेकरे उघड्यावर पडतात, आणि मागाहून केलेल्या जागेत ती परत येत नाहीत.