खालची पायरी

"मग तिथं हुकूम कुणाचा चालायचा?" केवळबाबांनी विचारलं.

"कुणाचाच नाही," मुरलीधर मास्तर म्हणाले. "त्यासाठीच तर गाव सोडलं होतं."

पांझरा नदीच्या घाटावर दोघंच होते. गुरू म्हणून बाबा वरच्या पायरीवर, मास्तर तिच्या खालच्या.

बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी शाळेची नोकरी सोडली आणि अकरा घरं घेऊन माळावर वस्ती केली. पाटील नाही, पंच नाही. जे ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून. गेल्या आठवड्यात शेवटच्या घरानंही गाडीत सामान भरलं.

"पाणी कमी पडलं तेव्हा?"

"सगळे बसले."

"आणि?"

"...माझ्या तोंडाकडं बघत राहिले."

"मग?"

"सांगून टाकलं. आधी कुणाचं शेत, मग कुणाचं."

"नाही म्हणालं कुणी?"

"तुळसाबाई. एकटीच. म्हणाली, पाटलाला निदान आम्ही पाटील तरी म्हणत होतो."

"मग तू?"

"मला ते लागलं. मी म्हटलं, हिनं राहायचं की नाही, सगळ्यांनी ठरवा. एकानंही मान वर केली नाही... भर उन्हात लेकरं घेऊन निघाली ती. मी नुसती हाक मारली असती, तर..."



"बाबा, माणसाला धनी लागतोच का? की माझंच चुकलं? तुम्ही सांगाल ते मला मान्य."

बाबा उठले, एक पायरी उतरले आणि मास्तरांच्या शेजारी बसले.

मास्तर गडबडले. गुरूच्या बरोबरीनं बसायचं कसं? ते खालच्या पायरीवर सरकले.

बाबा तिथं येऊन बसले.

मास्तर आणखी खाली सरकले. बाबाही उतरले. पुन्हा एक पायरी... पुन्हा एक. शेवटी मास्तरांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले, धोतर भिजलं. बाबा आले आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले.

 वस्तीतली माणसंही मास्तरांना बघून अशीच खाली सरकून बसत. बारा वर्षांत त्या माणसांमागं मास्तर एकदाही उतरले नव्हते.

 बऱ्याच वेळानं, सवयीनंच, त्यांचं अंग पुन्हा थोडं पाण्यातल्या खालच्या पायरीकडं झुकलं.

"सरक आणखी," बाबा म्हणाले. "मला पोहता येत नाही... पण येतो."