पाखरांच्या आईचे नाव

एका राज्यात पाखरे दगडाची होती. झाडांवर दगडाचे रावे, कौलांवर दगडाची कबुतरे, आणि विहिरीच्या काठावर पाणी पिता पिता दगड झालेल्या चिमण्या. वारा त्यांच्या उघड्या चोचींतून शिरे आणि शीळ वाजे. लांबून येणाऱ्याला वाटे, इथे अजून पाखरे गातात.

सारजालाही तसेच वाटले. सात वर्षांनी यवनदेशाहून परतणाऱ्या गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर, ती उभी होती. तिच्या मनात सारे ठरलेले होते. किनाऱ्याआधी पाखरे दिसतील. तळ्यावरून बगळ्यांची माळ उठेल. घाटावर बाबा उभे असतील, मनगटावर नीळकंठ घेऊन, आणि पाय जमिनीला लागताच ती सांगेल, "बाबा, पाखरांच्या नावाचं मूळ शोधून आणलंय मी!"

दिसले ते असे. घाटावर कोणी नव्हते. तळ्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता आणि त्यात दगडी बगळे एका पायावर उभे होते. बुरुजावर, शकुनपीठावर, तिचे बाबा नागनाथ बसले होते. ते कमरेपर्यंत दगड झाले होते.

"आलीस?" ते म्हणाले. "घाटावर यायचं होतं गं. उठता आलं नाही."

सारजाने त्यांचे गुडघे चाचपले. गुडघे ओट्यासारखे गार होते.

"हे कोणी केलं, बाबा?"

नागनाथांनी मान फिरवली.

त्या राज्याची रीत अशी होती. राजा कोणतेही काम शकुनावाचून करीत नसे. बुरुजावर एक पीठ होते, पूर्वेकडे तोंड केलेले. त्यावर राज्याचा शकुनकार बसे, प्रश्न विचारी आणि आकाशाकडे बघत राही. पाखरू उजवीकडे गेले तर काम करावे, डावीकडे गेले तर सोडून द्यावे. शकुनकाराने दिसेल ते सांगावे, ना कमी ना जास्त. नागनाथांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या हेच केले होते.

सारजा बुरुजाच्या कठड्यावर चढली. तिच्यापाशी एक शब्द होता, आणि त्या शब्दावर तिचा फार भरवसा होता. यवनदेशातल्या गुरुजींनी तिला शब्दांची कुळे शिकवली होती. यवनांच्या जुन्या बोलीत पाखराला ऑर्निस म्हणत. त्याच कुळातल्या शब्दाने बर्फाळ देशांतले लोक गरुडाला हाक मारीत. कुणी ओर्योल म्हणे, कुणी आर. पुढे यवनांच्याच अंगणात तो शब्द कोंबडीच्या वाट्याला आला. आणि त्या काळी यवनही पाखराला आणि शकुनाला एकाच नावाने ओळखत. हे ऐकले तेव्हा सारजाच्या अंगावर काटा आला होता. कारण तिच्या आजोबांच्या पोथ्यांतही शकुन म्हणजे आधी पाखरूच होते. समुद्राच्या दोन तीरांवर माणसांनी मान वर करून एकच गोष्ट पाहिली होती! इतके जुने नाव, इतक्या लोकांच्या ओठांवरून आलेले. त्या नावाने हाक मारली तर पाखरे का जागी होणार नाहीत?

"ऑर्निस!" ती ओरडली.

हाक सुकलेल्या तळ्यावरून गेली आणि परत आली. एकही पंख हलला नाही. फक्त कठड्यावरच्या एका दगडी साळुंकीने डोळा उघडला.

"हळू बोल," साळुंकी म्हणाली. "दगड असलो म्हणून बहिरे नाही."

"तू बोलतेस?"

"साळुंकी आहे मी. चोच उघडी असताना दगड झाले, म्हणून बोलणं तेवढं राहिलं. समुद्रापलीकडून आलीस ना तू? काय आणलंस? दाणा?"

"शब्द आणलाय."

"शब्द!" साळुंकी म्हणाली. "बरं. भिजत घालून बघ, मोड येतात का."

सारजाचे कान तापले. पण ती साळुंकीसमोर बसली आणि म्हणाली, "मला काय झालं ते सांग. बाबा सांगत नाहीत."

"कसे सांगतील? राजाला तळं फोडून तिथं नगर वसवायचं होतं. तुझा बाप रोज सकाळी पीठावर बसे आणि विचारी, तळं फोडावं का? आम्ही रोज डावीकडे जात होतो. मग राजा म्हणाला, 'नागनाथ, समुद्रापार जाणाऱ्या गलबतात एक जागा आहे. तुमची मुलगी हुशार आहे म्हणतात.' दुसऱ्या सकाळी तुझ्या बापानं आम्हाला हात लावला नाही, जाळं टाकलं नाही. त्यानं फक्त पीठ फिरवलं. पूर्वेचं पश्चिमेला. आम्ही नेहमीच्याच वाटेनं गेलो, आणि ती वाट त्याच्या उजव्या हाताला आली."

सारजाने पीठाकडे वळून पाहिले.

"तळं फुटलं, त्याच क्षणी पाखरांची आई आली. म्हणाली, माझ्या लेकरांच्या वाटेला तुम्ही खोटं बोलायला लावलंत. आता वाटही नाही आणि लेकरंही नाहीत. ज्यानं पीठ फिरवलं तो पावलांपासून दगड होत जाईल. काळजापर्यंत पोचलं की संपलं."

"मी त्या गलबतात बसून गेले," सारजा म्हणाली.

"हो. वारा छान होता त्या दिवशी."

सारजाने बाबांकडे पाहिले. ते दुसरीकडे बघत होते, आणि त्यांच्या पोटापाशी दगडाची राखी कडा एक बोटभर वर सरकली होती.

"आईला कसं बोलवायचं?"

"तू मघाशी हाक मारलीस ती तिच्या एका जुन्या नावाची. आई आता एका जागी नाही. ती तीन लेकींत वाटली गेलीय. थोरली कड्यावर असते. मधली अंगणात असते. धाकटीला अंगच नाही. तिघींचं काही ना काही एकत्र आलं की आई येते. जा, आणि कुणासमोर आपलं ज्ञान पाजळू नकोस."

राज्याच्या सीमेबाहेर, जिथे शाप पोचत नव्हता, तिथे एक कडा होता. त्याच्या माथ्यावर थोरली बसली होती. ती गरुडी होती. तिने पंख उघडले तेव्हा दरीत सावली पडली आणि पंख मिटले तेव्हा ऊन पडले.

"माझ्या पंखाखाली, कड्याच्या टोकावर उभी राहा," गरुडी म्हणाली. "भीती वाटते?"

"नाही," सारजा म्हणाली.

वाऱ्याने तिला उचलले आणि कड्याच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीत आणून टाकले. ती ओरबाडलेल्या हातांनी पुन्हा चढली.

"भीती वाटते?"

"नाही वाटत," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळीत पडली.

तिसऱ्यांदा ती टोकावर उभी राहिली तेव्हा तिने खाली पाहिले. खाली ढग होते, आणि ढगांखाली नद्या दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. "वाटते," ती म्हणाली. "फार वाटते. आणि इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही."

"आता दिसलं ते सांगितलंस," गरुडी म्हणाली, आणि तिने आपले एक पीस दिले. ते सारजाच्या उंचीचे होते आणि त्याला वजन नव्हते. उलट, ते ज्याला लागे त्याचेच वजन नाहीसे होई.

मधली लेक सीमेबाहेरच्याच रानाच्या कडेला, एका म्हातारीच्या अंगणात, पाटीत अंड्यांवर बसली होती. तांबडी, जाडजूड, चिडकी कोंबडी होती ती.

"तू पाखरांच्या आईची लेक?" सारजाच्या तोंडून निघून गेले.

"का? शोभत नाही?" कोंबडी म्हणाली. "थोरलीला सगळे मान वर करून बघतात. माझ्याकडे बघायला मान खाली घालावी लागते, एवढाच फरक. बस इथं. मला चरायला जायचंय."

"अंड्यांवर?"

"मग काय डोक्यावर? ऊब मोडता कामा नये."

सारजा पाटीवर वाकून बसली, अंडी पदराखाली घेऊन. तिचे पाय बधिर झाले. मुंग्या आल्या. म्हातारी येऊन बघून हसून गेली. सारजाने पाखरांची सगळी नावे मनात म्हटली, यवनांची, बर्फाळ देशांची, आपली; अंडी तशीच राहिली. मग नावे संपली आणि ती नुसती बसून राहिली. तेव्हा तिच्या तळहाताखाली काहीतरी टकटकले. आतून. अगदी हळू, कोणी दार वाजवावे तसे.

जगातले कोणतेही पाखरू, अगदी गरुडसुद्धा, आधी असे अंधारात बसून दार वाजवते, हे तिला कुठल्याच शाळेत कळले नव्हते.

कोंबडी परतली तेव्हा पिल्ले पाटीभर चिवचिवत होती. "फुटकं कवच घेऊन जा," ती म्हणाली. "ऊब राहते त्यात. आणि रडू नकोस, पिल्लं ओली होतील."

धाकटीला शोधायला कुठे जायचे, ते कोणी सांगू शकेना. सारजा तशीच बुरुजावर परतली. दगड नागनाथांच्या छातीशी पोचला होता.

"धाकटी कुठं आहे?" तिने साळुंकीला विचारले.

"ती शकुन आहे. तिला शोधायचं नसतं. बसायचं, विचारायचं, ती येते. पण पीठ उलटं आहे."

खाली नगारा वाजला आणि राजा विजयध्वज जिना चढून वर आला. त्याच्या नगराच्या भिंती चिखलात खचल्या होत्या, पिकांवर टोळ बसले होते आणि त्यांना खाणारे पाखरू राज्यात उरले नव्हते. राजाचा मुकुट तोच होता, पण त्याखालचा चेहरा म्हातारा झाला होता.

"नागनाथाच्या मुली, काय करतेस?"

"पीठ फिरवते, महाराज."

तिने गरुडीचे पीस पीठाखाली सरकवले. दगडी नागनाथांसकट दहा माणसांना न हलणारे पीठ जात्याच्या तळीसारखे फिरले आणि पूर्वेकडे तोंड करून थांबले. त्याबरोबर दगडाची कडा भराभर वर चढू लागली. सारजाने कोंबडीच्या अंड्याचे कवच बाबांच्या काळजावर धरले. तिथे दगड थांबला. पण दोन्ही बाजूंनी तो गळ्याकडे निघाला.

"सारजे," नागनाथ म्हणाले, "शिकलीस ना गं नीट? जेवायला बरं देत होते ना तिथं?"

"हो, बाबा."

"मग झालं."

पीठावर दुसरी जागा नव्हती. लहानपणी बसे तशी ती बाबांच्या दगडी मांडीवर बसली, पूर्वेकडे तोंड करून, आणि तिने विचारले:

"माझे बाबा जगतील का?"

आकाश रिकामे होते. तरीही बुरुजाच्या कठड्यापासून एक सावली निघाली. पंख पसरलेली, पाखरावाचूनची सावली. ती फरशीवरून सरकली, राजाच्या पायांवरून गेली, सारजासमोर आली आणि डावीकडे वळली. सुकलेल्या तळ्याकडे.

पीठाखाली अजून पीस होते. एका बोटाने रेटले असते तर पीठ फिरले असते, आणि डावे ते उजवे झाले असते.

"उजवीकडे म्हण," राजा कुजबुजला. "मुली, कोणी विचारणार नाही तुला. म्हण आणि बापाला वाचव."

सारजाने मागे हात नेऊन बाबांची हनुवटी चाचपली. ती गार होत चालली होती. तिला कड्याचे टोक आठवले. दिसेल ते सांगावे, ना कमी ना जास्त.

"डावीकडे," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "सावली डावीकडे गेली."

तेव्हा पीठाखालचे पीस सुटले आणि उडाले. कवच तिच्या हातून सुटले आणि उडाले. तळ्याच्या काठावर दोन्ही त्या सावलीला मिळाले आणि सावलीला अंग आले. पाखरांची आई उभी राहिली. तिच्या एका पंखात गरुड होते आणि एका पंखात चिमण्या; तिच्या मानेत मोर होता आणि डोळ्यांत घुबड; आणि ती श्वास घेई तेव्हा सगळ्या झाडांची पाने एका बाजूला वळत. राजाने मुकुट काढून खाली ठेवला. तो ठेवतोय हे त्याला कळलेही नाही.

"सात वर्षांत या पीठावरून पहिल्यांदा खरं ऐकलं," आई म्हणाली.

"मग खरं तेच होऊ दे," सारजा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "डावीकडे म्हणजे नाही. बाबा जगणार नाहीत."

"तुझ्या बाबांबद्दल मी काही बोलले नाही, पोरी. मी घरी निघाले होते. माझं घर डावीकडे आहे."

सारजाने सुकलेल्या तळ्याकडे पाहिले.

"पाखरं रोज डावीकडे जात होती," सारजा हळूहळू म्हणाली, "कारण तळं डावीकडे होतं."

"तुम्ही आकाशात तुमचंच काम शोधत होतात. आमचीही कामं असतात."

"आई, तुझं खरं नाव काय?"

"ते उच्चारणारे ओठ राहिले नाहीत. कुणी त्यातून गरुड घेतला, कुणी सगळी पाखरं, कुणी अंगणातली कोंबडी. कुणी वर बघून स्वतःचं नशीब घेतलं. सगळ्यांनी घेतलं, तरी मी उरलेच आहे. नावाची काळजी करू नकोस. पाणी आण."

तिने पंखाचे टोक चिखलाला लावले आणि चिखलात ओल उमटली. मग ती आकाशात चढली, आणि चढता चढता तिचे थवे झाले.

सुकलेला चिखल गळावा तसा सगळीकडे दगड गळू लागला. कबुतरे कौलांवरून उठली, रावे ओरडले, आणि विहिरीवरच्या चिमण्यांनी सात वर्षांपूर्वी सुरू केलेला घोट संपवला. साळुंकीने अंग झटकले आणि ती थांबेपर्यंत बोलतच राहिली. आणि ती थांबलीच नाही.

नागनाथ उठू गेले आणि पुन्हा बसले. "थांब गं," ते म्हणाले. "पायाला मुंग्या आल्यात."

राजाने त्याच दिवशी तळ्याचा बांध पुन्हा बांधायला घेतला आणि पहिला दगड स्वतः उचलला. संध्याकाळपर्यंत बगळ्यांच्या घोट्याला पाणी लागले.

दुसऱ्या सकाळी राजा शकुनकाराचे पागोटे ताटात घेऊन बुरुजावर आला. "सारजा, आजपासून हे पीठ तुझं," तो म्हणाला. "बांध किती उंच करावा, ते पाखरांना विचार."

सारजाने पीठाकडे पाहिले. पीठाच्या मधोमध एक टिटवी बसली होती आणि जागेवरून उठायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"बांधाची उंची गवंड्याला विचारा, महाराज," ती म्हणाली. "मी इथंच राहीन. पाखरं बघेन, जे दिसेल ते सांगेन, ज्याला शिकायचं त्याला शिकवेन. पण या पीठावर मी बसणार नाही, कोणी माणूस बसणार नाही. हे उचलून तळ्याच्या मधोमध ठेवायचं."

"तोंड कुणीकडे करून?" राजाने विचारले.

"बसणारा ठरवील," सारजा म्हणाली, आणि पीठाची एक बाजू धरायला तिने बाबांना हाक मारली.