सुमंत असला की उठणारा संगणक

“मग अनुग्रह कधी, माई?”

माई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तुझ्या गळ्यात ते काय आहे?”

सुमंतचा हात गळ्याकडे गेला. काळ्या गोफात ओवलेला पेनड्राइव्ह शर्टाबाहेर आला होता.

“हा होय? हा माझा पेनड्राइव्ह. बंद पडलेले संगणक याच्यानंच उठवतो मी. आधी हा लावायचा, मगच बटण दाबायचं. आपलं आचमन असतं ना, तसं समजा.”

“बघू.”

त्यानं गोफ काढून दिला. माईंनी तो तळहातावर घेतला, भाजीवाली जुडी तोलते तसा जरा वरखाली केला.

“जड आहे रे.”

“जड? माई, सुपारीएवढंसुद्धा वजन नाही त्याला!”

“असेल...”

माईंनी गोफ परत दिला आणि पुढची वात वळायला घेतली. उत्तर संपलं होतं.

रेवामाई नर्मदेची परिक्रमा करून आल्या आणि कुंभोशीच्या टेकडीवर त्यांच्या गुरूंची समाधी होती, तिथंच राहिल्या. मठ म्हणजे काय, तर समाधीचा गाभारा, पुढं पत्र्याचा मंडप आणि बाजूला स्वयंपाकघर. माईंचा अनुग्रहही तसाच साधा. स्वतः वळलेला सुताचा दोरा त्या शिष्याच्या गळ्यात घालत. कानात मंत्र नाही, सोहळा नाही. पण तो दोरा मागून मिळत नसे.

सुमंतच्या आईनं शेवटच्या आजारपणात त्याचा हात धरून म्हटलं होतं, “एवढं सगळं मिळवलंस बाळा, आता माईंचा दोरा घे. मग मला तुझी काळजी नाही.” आई गेली. शहरात मोठ्या कंपनीत सुमंतच्या शब्दाला मान होता, काही अडलं की आधी त्यालाच हाक जाई. पण घरी येऊन दिवा लावला की आईचं ते वाक्य समोर येऊन बसायचं.

म्हणून तो मठात यायचा. आणि आला की काही ना काही सेवा शोधायचा.

सेवा आयतीच मिळाली होती. कोणा भाविकानं मठाला जुना संगणक दिला होता. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पोथीची मुंगीएवढी अक्षरं दिसेनाशी झाली होती, तेव्हा माईंनी सगळी पोथी त्यात उतरवून घेतली. पडद्यावर अक्षर वाटाण्याएवढं दिसे. ज्यांनी जन्मभर पारायण नुसतं ऐकलं, त्या या श्रावणात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार होत्या. अडचण एकच. संगणक इतका थकलेला, की एक पान उलटेपर्यंत बाईला डुलकी लागावी.

सुमंतनं त्यातली जुनी व्यवस्था काढून टाकली आणि गळ्यातल्या पेनड्राइव्हवरून हलकं लिनक्स बसवलं.

“हलकं म्हणजे कसं?” मठातला स्वयंपाक बघणाऱ्या ठकूबाईंनी पदराला हात पुसत विचारलं होतं.

“म्हणजे आजी, हाही संगणकाची कामं चालवणारा कारभारीच, पण कमी खाणारा. म्हाताऱ्या पोटाला पुरणपोळी कशाला? भगर आणि ताक.”

“अगो बाई! म्हणजे यंत्राला उपास धरायला लावलास!”

आणि संगणक खरंच तरतरीत झाला. सुमंतनं बंद करून दाखवला, चालू करून दाखवला. बायकांनी कौतुकानं हात जोडले. त्यानं पेनड्राइव्ह काढून गळ्यात घातला आणि तो शहरात परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“सुमंता, तुझं लेकरू उठत नाही रे,” ठकूबाई सांगत होत्या. “काळं तोंड करून बसलंय. वर पांढरी एक ओळ, बाकी काही नाही.”

सुमंत सुट्टी काढून आला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं... आणि संगणक शहाण्या मुलासारखा उठला.

सगळं तपासलं. चूक कुठंच सापडेना. तो परत गेला.

सकाळी पुन्हा फोन.

या खेपेला त्यानं संगणक उघडला. आतली धूळ झटकली, वायरी काढून घट्ट बसवल्या, घड्याळात असतो तसला छोटा सेल बदलला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. उठला! तो गेला. सकाळी फोन.

“बाप घरात असला की पोर खेळतंय, बापानं चप्पल घातली की भोकाड,” ठकूबाई म्हणाल्या. “तुझा पायगुण दांडगा बाबा.”

बायकाही तेच म्हणू लागल्या. सुमंतदादांच्या हातालाच यश आहे. दादा आले की यंत्राला कळतं.

सुमंत तोंडानं म्हणायचा, “छे हो, तसं काही नसतं.” पण टेकडी चढताना पाऊल जरा हलकं पडायचं. मनात यायचं, हा संकेत तर नसेल? मठाचं यंत्र आपल्याच हातून उठतं, याला काही अर्थ असेलच ना...

म्हणूनच पारायणाच्या आदल्या दिवशी, संगणक पुन्हा एकदा उठवून झाल्यावर, त्यानं माईंना अनुग्रहाचं विचारलं होतं. आणि माई म्हणाल्या होत्या, जड आहे.

आता उन्हं उतरली होती. मंडप शेणानं सारवून झाला होता, संगणकापुढं रांगोळी होती. उद्या पहिला अध्याय वाचायचा मान गावातल्या गोदाक्कांचा. त्या आजच येऊन पडद्याला डोळे लावून एकेक ओळ पुटपुटत होत्या. वाचता वाचता मधेच थांबल्या.

“दादा, उद्या उठेल ना हो हे?”

“उठेल, आक्का.”

“तुम्ही असाल ना पण?”

“उद्या मला कामावर जावंच लागेल.”

गोदाक्कांनी पडद्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं, परगावी निघालेल्या नातवाच्या गालावरून फिरवावं तसं.

संगणक का उठत नाही, हे सुमंतला ठाऊकच नव्हतं. पण ते तोंडातून निघेना.

तो माईंकडं गेला. “माई, मी रजा वाढवतो. पारायण संपेपर्यंत इथंच राहतो. मी असलो की उठतो तो.”

“आणि पुढच्या श्रावणात?”

“पुढच्याही श्रावणात येईन.”

“आणि तू म्हातारा झाल्यावर?”

सुमंत सांडलेल्या वाती गोळा करू लागला.

“चल,” माई उठल्या. “आरतीची वेळ झाली.”

गाभाऱ्यात अंधार दाटला होता. एरवी माई समई लावत आणि मग आरती होई. आज त्यांनी चुलीवर काकडा पेटवला, तो हातात घेऊन आत आल्या आणि समईशेजारी उभ्या राहिल्या. काकड्याचा उजेड समाधीवर पडला. फुलं दिसली, गंध दिसलं, समईतली तेलात भिजलेली वात दिसली.

“म्हणा आरती.”

आरती झाली. टाळ थांबले. माई वळल्या आणि काकडा हातात घेऊन सावकाश मंडपात निघून आल्या.

मागं गाभारा काळाकुट्ट झाला.

“अगो बाई!” ठकूबाई आतून ओरडल्या. “माई, समई पेटवायची राहिली!”

“उजेड तर होता की,” माई म्हणाल्या.

“अहो, तो तुमच्या हातात होता! तुम्ही निघालात, तोही निघाला.”

“असं झालं होय...”

माई काकडा धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या ठकूबाईंकडं पाहत नव्हत्या.

सुमंतचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

तो धावतच संगणकापाशी आला. संगणक बंद केला. गळ्यातला पेनड्राइव्ह गळ्यातच राहू दिला आणि बटण दाबलं. इतक्या खेपांत हे त्यानं कधीच केलं नव्हतं.

काळा पडदा. वर पांढरी एक ओळ.

“गेलं!” गोदाक्कांनी तोंडावर हात ठेवला. “दादा, तुम्ही असूनसुद्धा?”

“हो, आक्का... मी असूनसुद्धा.”

त्यानं बटण दाबून संगणक बंद केला. पेनड्राइव्ह लावला आणि पुन्हा चालू केला. उठला.

सुमंत पेनड्राइव्हकडं बघत खाली बसला. सगळं लख्ख दिसलं. लिनक्स बसवताना पडद्यावर प्रश्न आला होता. संगणक उठताना जे सगळ्यात आधी जागं होतं आणि बाकीच्यांना हाक मारतं, ते कुठं ठेवू? समोर दोन नावं होती. एक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कचं, एक या पेनड्राइव्हचं. हे काम त्यानं इतक्यांदा केलं होतं, की वाचायचीही गरज वाटली नव्हती. बोट भलत्या नावावर पडलं. सगळी पोथी, सगळं लिनक्स संगणकाच्या पोटात, आणि ती पहिली हाक तेवढी याच्या गळ्यात. तो प्रत्येक वेळी ती लावून संगणक उठवायचा आणि जाताना गळ्यात घालून घेऊन जायचा.

दोष सापडत नव्हता, कारण दोष शोधणाऱ्याच्या गळ्यात होता.

“काय झालं रे?” ठकूबाईंनी वाकून विचारलं. “तोंड का उतरलं?”

“काही नाही, आजी. माझ्याकडं मठाची एक वस्तू राहिली होती. ठेवून जातो.”

काम फारसं नव्हतंच. ठकूबाईंचं दूध तापून वर येईस्तोवर झालं. ती पहिली हाक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर बसली. सुमंतनं पेनड्राइव्ह काढला आणि संगणक बंद केला. मग मागं सरकला.

“आक्का, तुम्ही दाबा बटण.”

“मी? नको गो बाई. मला नाही त्यातलं कळत.”

“कळायचं काही नाही त्यात. आणि मी बाहेर जाऊन उभा राहतो.”

तो खरंच उठून बाहेर गेला, तुळशीपाशी पाठ करून उभा राहिला. आत सगळं शांत होतं... फार वेळ शांत वाटलं.

मग गोदाक्कांचा आवाज आला. कापरा, एकेक अक्षर सुटं करत वाचणारा. पोथीतलं पहिलं नमन.

सुमंतनं डोळे पुसले आणि तो तसाच टेकडी उतरून बस पकडायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन उशाशीच ठेवला होता. वाजला नाही. आंघोळ करून आला. वाजला नाही. कामावर गेला, टेबलावर समोर ठेवला, उगाच दोनदा उघडून बघितला. बरं वाटायला हवं होतं. पण आत कुठंतरी रुसल्यासारखं झालं. एकाही बाईला आपली आठवण येऊ नये?

शेवटी न राहवून त्यानंच लावला.

“कोण?” ठकूबाई कुजबुजल्या.

“आजी, मी सुमंत. उठला का तो?”

“मग बोलते रे. अध्याय रंगात आलाय.”

फोन बंद झाला.

सुमंत फोनकडं बघत राहिला... आणि मग एकटाच हसला. हसता हसता त्याला आई आठवली, पण तिचं ते वाक्य या खेपेला समोर येऊन बसलं नाही.

पारायणाच्या समाप्तीला तो मठात गेला तेव्हा मंडप भरला होता. चष्मा सावरत एक नवीनच बाई वाचत होती. कुणी उठलं नाही, कुणी “दादा आले” म्हटलं नाही. चपला सोडतात तिथं कडेला जागा होती, तिथं तो बसला. गोदाक्का शेजारीच होत्या. त्याला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, “ऐका आता,” अशा अर्थानं.

तो ऐकत बसला.

प्रसाद वाटून झाला, बायका पांगल्या. माई समईपाशी बसल्या होत्या. सुमंतनं नमस्कार केला, गळ्यातला गोफ काढून त्यांच्या पायापाशी ठेवला.

“हा कशाला?”

“राहू दे इथंच, माई. गळा रिकामा करून आलोय.”

“काय आहे याच्यात?”

“आता काही नाही. होतं तेवढं जागच्या जागी गेलं, बाकी पुसलं. कोरा आहे.”

माई त्याच्याकडं बघत राहिल्या. सुताचे दोरे कोनाड्यातल्या परडीत होते, हात लांबवला की मिळाले असते. सुमंतनं तिकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली. या खेपेला त्यानं काही मागितलं नाही.

माईंनी परडीकडं हात नेला नाही. पायापाशी ठेवलेला तोच काळा गोफ उचलला. तळहातावर घेतला, वरखाली केला...

मग पुढं वाकून त्यांनी तो स्वतःच्या हातानं सुमंतच्या गळ्यात घातला.

“हं,” माई म्हणाल्या. “आता हलका आहे.”