यल्लाप्पाची नऊ वर्षं

"आणि ती दिलेली वर्षं गेली कुणाकडं?" मल्लाप्पाबुवांनी विचारलं.

डॉक्टर हेरंब हसला. "कुणाकडं म्हणजे? कुठंच नाही, बुवा. नुसतं समजायचं असतं."

"कुणी समजायचं?"

"आजाऱ्यानं."

"आणि तू?"

"मी आकडा लिहून घ्यायचा."

बुवांनी अडकित्ता उचलला. सुपारी कातरत बसले…

हेरंब देवीच्या मठात आला होता गाऱ्हाणं घेऊन. यल्लाप्पानं सगळा जन्म खडीच्या खाणीवर काढला. दगडाची धूळ छातीत बसली, ती बसलीच. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. हेरंबनं त्याला तोंडानं ओढायचा पंप दिला, गोळ्या दिल्या. गडी जरा सावरला. मठाच्या पायऱ्या न थांबता चढायला लागला. आणि आता पंपाला हात लावायचं नाव नाही. बायको पाया पडून थकली. ओठ निळे पडले, रात्ररात्र बसून काढतो, पण पंप कोनाड्यात तो कोनाड्यात.

"असंच चाललं तर जाईल तो," हेरंब म्हणाला. "माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा."

"सांगतो की. पण तू त्याला काय विचारलंस, ते नीट सांग आधी. माझ्यासारख्या अडाण्याला कळंल असं."

हेरंब सरसावून बसला. हा त्याच्या आवडीचा विषय. मोठ्या शहरात जाऊन शिकून आला होता, आणि शिकलेलं सांगायला माणूस भेटला की त्याला तहानभूक राहत नसे.

"दुखणं किती, हे आम्ही डॉक्टर ठरवतो, बुवा. नळी लावतो, फोटो काढतो. पण ज्याचं दुखणं त्याला स्वतःची तब्येत केवढ्याची वाटते? ते कुणी विचारतच नाही. मी विचारतो. म्हणतो, समज, तुला असंच धापा टाकत अजून दहा वर्षं जगायचंय. त्याऐवजी धडधाकट जगायला मिळालं, तर दहातली किती वर्षं देशील? एखादा एक म्हणतो, एखादा चार. जितकी जास्त देईल, तितकी त्याच्या लेखी त्याची तब्येत वाईट. झालं माप."

"यल्लाप्पा किती म्हणाला?"

"नऊ! एवढी कुणीच दिली नाहीत. बघा म्हणजे, किती हाल होत असतील त्याचे. आणि तोच औषध नको म्हणतो. याला काय म्हणायचं?"

"कुठं विचारलंस?"

"इथंच. देवीसमोरच्या ओट्यावर. मंगळवारी सगळे आजारी आरतीला येतात, एका जागी सापडतात. माझी घरोघर पायपीट वाचते."

"तुझ्या कपाळाला भंडारा होता?"

"असेल. तुम्हीच लावता की."

बुवांच्या हातातला अडकित्ता थांबला.

आता त्या खाणीवरल्या वस्तीत एक चाल आहे. लेकरू जिवावरच्या दुखण्यानं पडलं, की घरातलं जाणतं माणूस मंगळवारी देवीपुढं येतं. भंडारा लावलेला कुणीतरी त्याला विचारतो, किती देतोस? माणूस तळहातावर हळद घेतो, आपल्या आयुष्यातली वर्षं बोलतो, आणि तीच हळद घरी नेऊन लेकराच्या कपाळाला लावतो. एकदा बोललं की ती वर्षं लेकराची. हेरंबला हे माहीत नव्हतं असं नाही. दोनदा ऐकलं होतं त्यानं. ऐकून हसला होता आणि विसरला होता. हसून सोडलेली गोष्ट कशाला ध्यानात राहते?

"यल्लाप्पा," बुवांनी मागं वळून हाक दिली. "ये रं आत."

म्हणजे तो मागच्या पडवीतच होता. भिंत धरधरून आला, उंबऱ्यापाशी बसला, आणि बोलण्याइतका वारा छातीत गोळा व्हायची वाट बघत राहिला. हेरंबनं नाडी धरायला हात पुढं केला. त्यानं हळूच बाजूला सारला.

"नऊ कुणाला दिलीस?" बुवांनी विचारलं.

"रेणीला."

रेणी त्याची नात. लेकीची लेक. चुलीपुढं बसल्या बसल्या फिट येऊन पडायची. एकदा हात भाजून घेतला होता.

"पर मी रेणीबद्दल विचारलंच नव्हतं," हेरंब म्हणाला. गडबडला की त्याच्या तोंडी वस्तीची बोली यायची. "मी तुझ्या तब्येतीबद्दल विचारलं होतं, यल्लाप्पा."

"तब्येतीचं काय इच्यारायचं, सायेब? ती दिसतीच की." यल्लाप्पा थांबला, खोकला. "तुमी म्हनलासा, दहा हायती. डागदर मानूस, तुमाला ठावं असनारच. कपाळाला भंडारा. किती देतूस म्हनलासा. एक ठिवलं, नऊ दिली. घरी जाऊन पोरीच्या कपाळाला हळद लावली."

"आणि पंप? पंप का सोडलास?"

यल्लाप्पानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू एवढं शिकून याला एवढंही कसं कळत नाही.

"वडून वडून जास्त जगलो, तर ती कुनाची वर्सं जगलो? पोरीचीच की. दिल्यालं मागं घ्यावं व्हय?"

बाहेर खाणीत सुरुंग उडाला. मठाची पत्र्याची पन्हळ थरथरली…

"फिट थांबल्यात तिच्या," यल्लाप्पा म्हणाला. सांगताना त्याचा चेहरा उजळला. "त्या मंगळवारपास्नं एक बी न्हाई."

हेरंबला सुटल्यासारखं झालं. तो बुवांच्या कानाशी वाकला. "बुवा, ते गोळ्यांनी. त्याच दिवशी मी तिला फिटच्या गोळ्या चालू केल्या. हिचं औषध हिला लागू पडलं. याच्या नऊ वर्षांचा काही संबंध नाही."

"मग सांग की त्याला."

"काय?"

"की पोरगी तुझ्या गोळीनं बरी झाली. त्याची नऊ वर्षं वाऱ्यावर गेली. सांग, हा बसलाय म्होरं."

हेरंबनं तोंड उघडलं. यल्लाप्पा त्याच्याकडं बघत होता. फासळ्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या, पण डोळे निवांत होते. हेरंबनं त्याला कधी असं निवांत पाहिलं नव्हतं…

त्यानं तोंड मिटलं.

"तुम्ही त्याला परत द्या," तो शेवटी म्हणाला. "तुमचा मान आहे. म्हणा, देवीनं नऊ वर्षं परत दिली."

"माझ्याकडं कुठली? मी काय घेतली होती?" बुवा म्हणाले. "इचारलंस तू. तूच दे."

"देतो! त्यात काय आहे? बोलायचंच तर आहे."

"बोलायचंच हाय," बुवा म्हणाले.

त्यांनी देवीपुढची परडी ओढली. हेरंबचा उजवा हात धरला, चिमूटभर भंडारा तळहातावर ठेवला. मग आपल्या कपाळाला भंडारा लावला आणि त्याच पिवळ्या बोटानं त्याच्याकडं खूण केली.

"किती देतोस?"

नऊ. हेरंबच्या जिभेवरच होतं. एक शब्द. शंभर माणसांना विचारून झालेला प्रश्न, त्याचं उत्तर. देवीवर त्याचा विश्वास नव्हता, वर्षं अशी इकडून तिकडं जात नसतात हे तो शपथेवर सांगू शकला असता.

त्याला घरी असलेली मुलगी आठवली. नुकती बोलायला लागलेली. त्याला बाबा न म्हणता नावानं हाक मारायची.

तळहाताला घाम फुटला. हळद ओली झाली, रेषांत उतरली…

"बोल," बुवा म्हणाले.

"एक," हेरंब म्हणाला.

यल्लाप्पा हसला. हसता हसता धाप लागली, तरी हसला. "लई जपून देता की वो, सायेब!"

हेरंबनं मान खाली घातली. हात मात्र मागं घेतला नाही. तो तसाच उघडा यल्लाप्पापुढं धरला.

यल्लाप्पाचं हसू ओसरलं. तो गुडघ्यांवर सरकत पुढं आला. डॉक्टरच्या हाताकडं बराच वेळ बघत राहिला.

"घरी लेकरू हाय?"

"आहे."

"तरी दिलं?"

हेरंबनं मान डोलावली.

यल्लाप्पानं खाणीत दगड फोडून फोडून वाकडं झालेलं बोट त्या ओल्या हळदीत बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. "ह्ये पोरीचं न्हवं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ह्ये वरचं हाय. ह्येच्यासाठी पंप वडाय हरकत न्हाई."

आणि त्यानं हात पुढं केला. हेरंबनं डाव्या हातानं पिशवी चाचपली, नवा पंप काढून त्याच्या हातात ठेवला. यल्लाप्पानं तो तोंडात धरला, दाबला, डोळे मिटले. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा. ओठांवरचा निळा रंग लगेच काही गेला नाही. पण खांदे हळूहळू खाली आले.

हेरंब बसून होता. उजवा हात तसाच उघडा, पिवळा, मांडीवर.

बुवांनी परडी देवीपुढं सारली.

"आता इचार त्याला," ते म्हणाले, "तब्येत कशी हाय."