रुळांवरचा बाजार आणि उकंडा गार्ड

बसा बाप्पा, सांगतो. पण मध्येच फाटे फोडू नका. फार वर्षं झाली, आपल्या धामणटोल्याला वरच्या खाणीतून मँगनीजची छोटी मालगाडी यायची. दर शुक्रवारी ती नेमकी भर बाजारात शिरायची. कारण बाजार भरायचा कुठं? रुळांवर! एवढं रान मोकळं पडलंय, पण आमच्या लोकांना टोपल्या मांडायला रूळच हवेत. का, तर खडीवर चिखल होत नाही. घ्या!

उतारावर इंजिन मागं असायचं, डबे पुढं, आणि सगळ्यात पुढच्या डब्यात गार्ड उकंडा. हातब्रेकचं चाक आवळायचं आणि ओरडायचं, हे त्याचं काम. असं म्हणतात, त्याची हाक पलीकडच्या डोंगरात ऐकू जायची. "उठा नं बाप्पा, उठा! गाडी आली!" घसा सुकायचा बिचाऱ्याचा. आणि लोक? "उकंडा हाये नं, थांबवते थो," म्हणत वांगी तोलत बसायचे. तो खरंच थांबवायचा, हीच त्याची चूक.

एका शुक्रवारी उतारावर जोडाची साखळी तुटली. इंजिन राहिलं वर आणि भरलेले डबे सुटले थेट बाजारावर. उकंडानं चाक आवळलं. "बाप्पाहो, सुटली गाडी! मराल! उठा!" एक माणूस हलेल तर शपथ. "दर शुक्रवारी असाच बोंबलते," असं म्हणत जयवंता कासारीण गिऱ्हाइकाला बांगड्या भरत राहिली.

असं म्हणतात, चाकांच्या ठिणग्यांनी दुतर्फा पळस करपले. असं म्हणतात, ब्रेक पुरेना तेव्हा त्यानं चाक धरूनच पाय खाली सोडले आणि टाचा जमिनीत रोवल्या. टाचांनी पडलेल्या त्या दोन चऱ्यांतून अजून पाणी वाहतं. टाचांचं मी पाहिलेलं नाही, पण पाणी वाहतं खरं. डबे थांबले, जयवंताच्या टोपलीपासून वीतभर अलीकडे.

आणि ती बाई काय म्हणाली? "पाहा, थांबली नं? उगाच उठलो असतो!" डोकं आपटून घ्यावं की नाही, तुम्हीच सांगा!

आणि उकंडा? चाक धरून तसाच उभा. कोणीतरी खांद्याला हात लावला, तर अंगात जीव नव्हता. बोटं चाकावरून सुटता सुटेनात. तेव्हा कुठं सगळा बाजार उठला.

आता खाण बंद झाली, रूळही उखडून नेले. तरी शुक्रवारी दुपारी कोणीतरी हाक देतंच, "उठा नं बाप्पा!" आणि अख्खा बाजार टोपल्या उचलून बाजूला होतो, गाडी निघून जाईल एवढा वेळ उभा राहतो. म्हाताऱ्यांनासुद्धा धरून उठवतात. अरे, त्या माणसाला जिवंतपणी एकदा तरी हे दिसायला हवं होतं!