राणीचा उपास, दासीच्या पोटी

फार फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट. मुलांनो, ऐका, आणि आयांनो, हातातलं निवडणं चालू ठेवून तुम्हीही ऐका.

तिथल्या राणीची एकुलती एक लेक आजारी पडली. अंगातला बारीक ताप काही केल्या हटेना. राणीनं देवाला पाच सोमवारांचा कडक उपास बोलला. पण पहिल्याच सोमवारी दुपारी तिला भोवळ आली. तेव्हा कुणीसं सुचवलं, की उपास बदली माणसानं केला तरी चालतो, पुण्य मालकाला मिळतं. झालं. तिथून पुढे सोमवारी दासी उपाशी राहू लागली आणि राणी दूधभात जेवू लागली. दासीनं चोरून काही तोंडात टाकू नये म्हणून मुदपाकखान्याला कुलूपही लागलं.

चार सोमवार गेले. ताप तसाच.

पाचव्या सोमवारी पाच नद्यांच्या मुलखातून तीर्थाला निघालेली एक म्हातारी साध्वी राजवाड्यात उतरली. सगळे तिला माई म्हणत. दासीचा सुकलेला चेहरा पाहून तिनं विचारलं, कसलं व्रत धरलंस?

"मी कुठं धरलं, माई? मला जेवू देत नाहीत, एवढंच."

माई तडक राणीकडे गेली. "बाई, कुलूप काढ. आमच्याकडे आधी पंगत, मग देवाच्या गोष्टी. हिला पोटभर वाढ."

राणी घाबरली. शेवटचाच सोमवार, आज उपास मोडला तर लेकीचं काय होईल?

"जो धरलाच नाही, तो मोडेल कसा?" माई म्हणाली. "तळमळ तुझी आणि भूक हिची. देव तरी विचारेल ना, हा निरोप नक्की कुणाचा?"

राणीची मान खाली गेली. तिनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, ताट वाढलं. दासीनं पहिले दोन घास भीत भीत खाल्ले, मग चार भाकरी न भिता.

माईनं राणीलाही जेवायला मोकळीक दिली. जेवलीस म्हणून देव रागवायचा नाही, म्हणाली. पण जे करशील ते जाणून कर. तुपाचा वास दरवळत होता. राणी क्षणभर थांबली. मग ओंजळीत पाणी घेऊन तिनं संकल्प सोडला, की आजपासून पाच सोमवार माझे मी करीन, झेपेल तसे, दूधफळांवर. पण दुसऱ्याच्या पोटावर नाही.

त्या दिवसापासून सोमवारी मुदपाकखाना उघडा असे आणि राणी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसे. दुसऱ्या सोमवारी दासी हळूच येऊन शेजारी टेकली.

"आज मीही धरलाय, राणीसाहेब."

"अगं, तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर धरला."

पाचव्या सोमवारी सकाळी लेकीच्या कपाळाला घाम फुटला, ताप उतरला. डोळे उघडून तिनं मऊ भात मागितला, आणि तो वाढायला दोघी एकदमच उठल्या.

दुसऱ्यानं लादलं तर ते नुसतं सोसणं. आपण होऊन, जाणून धरलं तरच ते व्रत.